कधीच न ढवळणारा तलाव: ग्रीन लेक्स स्टेट पार्कमध्ये घरच्यांसोबत

उन्हाळा आला की अमेरिकेतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या घरी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे भारतातून आई-बाबा, आणि दुसरी म्हणजे "यांना आता कुठे न्यायचं?" हा प्रश्न. नायगारा एकदा होतो, न्यूयॉर्क शहर एकदा होतं. नंतर हवी असते ती जवळची, स्वस्त, गुडघे दुखणाऱ्यांना चालता येईल आणि लहान मुलं कंटाळणार नाहीत अशी जागा. न्यूयॉर्क राज्याच्या मधोमध असलेल्या सिरॅक्यूज शहराच्या आसपास राहत असाल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: शहराच्या पूर्वेला साधारण 16 किलोमीटरवर, फेएटव्हिल गावाजवळचं ग्रीन लेक्स स्टेट पार्क.

आधी 'स्टेट पार्क' म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे उद्यान म्हटलं की एक तर कारंजी आणि घसरगुंडी, नाहीतर थेट ताडोबा. स्टेट पार्क या दोन्हींच्या मधलं असतं. जागा राज्य सरकारची, देखभाल राज्य सरकारची, आणि सामान्य माणसाने सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यावं हा उघड हेतू. न्यूयॉर्कमध्ये ही परंपरा जुनी आहे. नायगाऱ्याच्या काठची जमीन 1885 साली राज्याने ताब्यात घेऊन पार्क केली, तेव्हापासूनची. ग्रीन लेक्सची जमीन राज्याने 1928 साली घेतली. पुढे 1930च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना कामावर लावून इथले रस्ते, पायवाटा आणि केबिन उभ्या केल्या. आपल्या रोजगार हमीसारखंच म्हणा.

इथे दोन तलाव आहेत, मोठा ग्रीन लेक आणि त्याच्या शेजारी छोटा, जवळजवळ गोल राउंड लेक. मोठ्याच्या एका टोकाला पोहण्यासाठी बीच आहे, उन्हाळ्यात तिथे जीवरक्षक असतात, होड्या भाड्याने मिळतात, बाकं आहेत, कोळशाच्या शेगड्या आहेत. तलावाभोवतीची वाट रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे, बाबागाडी सहज जाते. दोन्ही तलावांना मिळून फेरी मारली तर साधारण 5 किलोमीटर होतात. माझ्या आईने ती फेरी चपला घालून पूर्ण केली (सल्ला म्हणून सांगत नाहीये).

पण लोकांच्या लक्षात राहतो तो रंग. झाडीतून वाट उतरते आणि समोर अचानक असं निळं-हिरवं पाणी येतं की फोटो दाखवला तर लोक फिल्टर लावलाय म्हणतात. आईने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, यात काही केमिकल सोडलंय का?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सिरॅक्यूजला लागूनच ओनोंडागा नावाचा दुसरा तलाव आहे. त्याच्या काठी शंभरेक वर्षं सोडा ॲशचे आणि इतर रसायनांचे कारखाने चालले, शहराचं सांडपाणी आणि पारा त्यात गेला. 1940 साली तिथे पोहण्यावर बंदी आली आणि 1994 साली केंद्र सरकारने त्याला देशातल्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत टाकलं. त्यावर पुढे मोठी साफसफाई झाली. पण या शहरात राहणाऱ्या माणसाने विचित्र रंगाचं पाणी पाहून कारखान्याची चिमणी शोधावी हे साहजिक आहे.

ग्रीन लेकच्या बाबतीत चिमणी नाही. केमिकल मात्र आहे. ते खडकातून येतं.

या भागाच्या जमिनीखाली कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या उथळ समुद्राचे थर आहेत. त्यात मीठ आहे आणि जिप्सम आहे. मिठामुळे सिरॅक्यूजला 'सॉल्ट सिटी' हे नाव पडलं, एकेकाळी इथल्या खाऱ्या झऱ्यांवर मीठ पिकवायचे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते भाजलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, म्हणजे गणपतीच्या मूर्तींमुळे आपल्या घराघरात ज्याच्यावर वाद होतात तेच. या थरांतून वाट काढत येणारं भूजल कॅल्शियम आणि सल्फेट विरघळवून घेतं आणि तलावात, खोलवर, झिरपतं. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे घडतं. रंग, गाळ, वास, आणि माझ्यासारख्या लोकांचे प्रबंधसुद्धा.

साधा तलाव कसा वागतो ते आधी बघू. पाणी सगळ्यात जड असतं 4 अंश सेल्सियसला. थंड प्रदेशातल्या तलावात उन्हाळ्यात वर कोमट, हलकं पाणी आणि खाली गार, जड पाणी अशी मांडणी असते. शरद ऋतूत वरचं पाणी गार होत होत खालच्याइतकंच जड होतं, वारा सुटतो आणि अख्खा तलाव वरपासून खालपर्यंत ढवळला जातो. वसंतात बर्फ वितळल्यावर पुन्हा तेच. म्हणजे वर्षातून दोनदा तळाला ताजा ऑक्सिजन मिळतो. तलावाने वर्षातून दोनदा श्वास घेतला असं म्हणा.

ग्रीन लेक हा श्वास घेत नाही. साखर तळाशी टाकली आणि चमचा फिरवलाच नाही असा सरबताचा ग्लास डोळ्यांसमोर आणा. खाली दाट, वर पातळ, आणि ग्लास हलवला नाही तर तसंच राहणार. इथे साखरेच्या जागी विरघळलेले क्षार आहेत. गंमत म्हणजे तळाचं पाणी वर्षभर साधारण 7 अंशांच्या आसपास असतं. थंडीत वरचं पाणी 4 अंशांवर येतं, नियमाने ते जड, ते खाली जायला हवं. पण खालच्या पाण्यात क्षार इतके आहेत की ते 'गरम' असूनही जडच राहतं. वरचं पाणी काही अंतर खाली जातं आणि त्याच्यावर थांबतं.

शिवाय चमचा फिरवणारा वाराही इथे नीट पोचत नाही. तलाव जेमतेम 26 हेक्टरचा, पण 50 मीटरपेक्षा खोल, आणि सगळीकडून उंच उतार आणि झाडी. अरुंद तोंडाच्या रांजणात फुंकर मारून तळ ढवळायचा प्रयत्न करण्यासारखं आहे ते.

हा रांजण आला कुठून? सुमारे 15,000 वर्षांपूर्वी, हिमयुग संपताना, या भागावरचा बर्फ वितळून प्रचंड पाणी पूर्वेकडे वाहत होतं. ते जिथे कड्यावरून कोसळलं तिथे खडकात खोल डोह पडले. धबधब्याखाली डोह असतो तो तुम्ही पाहिलाच असेल. निघोजला कुकडी नदीने कोरलेले रांजणखळगे पाहिले असतील तर वाहतं पाणी खडकाचं काय करू शकतं याचा अंदाज येईल. इथला धबधबा गेला, नदी गेली, डोह तेवढे राहिले.

ज्या तलावाचा फक्त वरचा भाग ढवळतो आणि तळ कधीच मिसळत नाही त्याला 'मेरोमिक्टिक' म्हणतात. जगात असे तलाव फार थोडे आहेत. एका छोट्या पार्कात असे दोन शेजारी-शेजारी, त्यातला एक पोहण्याच्या बीचसकट, हे तर फारच दुर्मीळ.

इथे कोणीतरी नक्की विचारतं, "खाली वायू कोंडला असेल ना? तो बाहेर आला तर?" कॅमेरूनमधल्या न्योस तलावाची बातमी बऱ्याच जणांनी वाचलेली असते. तिथे ऑगस्ट 1986 मध्ये तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड एका रात्रीत बाहेर पडला आणि सुमारे 1,700 माणसं गुदमरून मेली. न्योस ज्वालामुखीच्या मुखात आहे आणि त्याला खालून सतत तो वायू मिळत होता. ग्रीन लेकखाली ज्वालामुखी नाही. निर्धास्त जा.

आता रंग. बोअरच्या पाण्याने किटलीत आणि बादलीवर जो पांढरा थर चढतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना विरघळलेला राहू शकत नाही, भांड्याला चिकटतो. ग्रीन लेकमध्ये शेगडीचं काम सूक्ष्मजीव करतात. सिनेकोकॉकस नावाचे, डोळ्यांना न दिसणारे सायनोबॅक्टेरिया उन्हाळ्यात वरच्या पाण्यात भरभरून वाढतात. प्रकाशसंश्लेषणासाठी ते पाण्यातला कार्बन ओढून घेतात, त्यांच्याभोवतीचं पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यांच्याच अंगावर चुन्याचे बारीक स्फटिक जमतात. उन्हाळ्याच्या तोंडाला असं एकदम मोठ्या प्रमाणात होतं आणि तलाव किंचित दुधाळ दिसू लागतो. याला 'व्हायटिंग' म्हणतात. पाणी स्वतः लाल रंग शोषतं, हे तरंगणारे कण उरलेला निळा-हिरवा प्रकाश परत आपल्या डोळ्यांकडे फेकतात. आणि खाली बसताना हे कण पाण्यातला फॉस्फरसही सोबत घेऊन जातात, त्यामुळे शेवाळ माजत नाही. म्हणजे पाणी हिरवं दिसतं, पण आपल्या गावच्या तळ्यासारखं हिरवं नव्हे.

हे बघायचं असेल तर जूनमधला ऊन पडलेला दिवस निवडा, दुपारी अकरा ते दोन. ढगाळ दिवशी नेलं तर घरचे म्हणतील, "बरं आहे."

पाणी काठाशी नितळ असतं तेव्हा मुलांना बुडालेली झाडं दाखवा. काठावरून पडलेले ओंडके पाण्यात वर्षानुवर्षं तसेच आहेत आणि त्यांच्यावर चुन्याचा पांढरट लेप चढलाय. माझ्या सात वर्षांच्या भाच्याला यापेक्षा जास्त रस एकाच गोष्टीत होता. "मावशी, तळाशी काय आहे?"

चला, खाली जाऊ.

पहिले 15-20 मीटर सगळं ओळखीचं. ऑक्सिजन आहे, मासे आहेत. त्यानंतर ऑक्सिजन संपतो. कारण वरून मेलेले जीव खाली पडत राहतात, ते कुजताना ऑक्सिजन खर्च होतो, आणि नवीन कधी येतच नाही. त्या अंधाऱ्या भागातल्या जिवाणूंना श्वासासाठी दुसरं काहीतरी लागतं, आणि ते आयतं हजर आहे, जिप्सममधून आलेलं सल्फेट. ते सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो वायू. खोलीवरून काढलेल्या नमुन्याची बाटली उघडली की आसपासची माणसं आपोआप दोन पावलं मागे सरकतात. आपण मात्र वर बीचवर सँडविच खात असतो आणि आपल्याला यातलं काही कळत नाही.

वरचं जग आणि खालचं जग जिथे भेटतात, साधारण 20 मीटरवर, तिथे सगळ्यात सुंदर गोष्ट आहे आणि ती काठावरून दिसत नाही. तिथे थोडासा उजेड वरून पोचतो आणि थोडं सल्फाइड खालून. दोन्ही एकत्र मिळणारी ही पातळ पट्टी म्हणजे जांभळ्या गंधक-जिवाणूंचं घर. झाडं प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडून ऑक्सिजन सोडतात. हे जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, त्यामुळे ऑक्सिजन तयारच होत नाही. त्या खोलीवरून पाणी वर काढलं तर ते चक्क गुलाबी असतं. हिरव्या तलावाच्या पोटात गुलाबी थर! (2020च्या जूनमध्ये आपलं लोणार गुलाबी झालं होतं, ते वेगळं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया निघाले. रंग सारखा, प्राणी वेगळे, कारण वेगळं.)

आणि अगदी तळाशी गाळ आहे. भाच्याला मी म्हटलं, "चिखल आहे." तो निराश झाला. पण ऑक्सिजन नसल्यामुळे या चिखलात किडे नाहीत, गांडुळं नाहीत, त्याला उकरणारं कोणीच नाही. उन्हाळ्यात पांढरा चुना बसतो, बाकीच्या महिन्यांत काळपट माती आणि कुजकी पानं. पांढरा, काळा, पांढरा, काळा. एका वर्षाची एक जोडी. लांब नळी घालून गाळाचा दांडा बाहेर काढला, मधोमध चिरला, की झाडाच्या खोडासारखी वर्षं मोजता येतात. बहुतेक तलावांत हे हिशेबाचं वहीखातं किड्यांनी केव्हाच कालवून टाकलेलं असतं.

आता माझ्या आवडीचा भाग. माझं संशोधन गाळातल्या रंगद्रव्यांवर आहे (या तलावावर नाही), त्यामुळे इथे थोडी रेंगाळते.

पृथ्वीवर ऑक्सिजन आला, पण बराच काळ तो हवेत आणि समुद्राच्या वरच्या थरातच राहिला असावा. 1998 साली डॉन कॅनफिल्ड या शास्त्रज्ञाने असं मांडलं की सुमारे 180 कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे फार मोठा काळ खोल समुद्र हायड्रोजन सल्फाइडने भरलेला होता. म्हणजे वर ऑक्सिजन, खाली सडक्या अंड्यांचा समुद्र. ओळखीचं वाटलं ना? ग्रीन लेक म्हणजे त्या समुद्राची छोटी, आजही चालू असलेली प्रतिकृती, म्हणून जगभरातले लोक इथे पाण्याचे नमुने घ्यायला येतात.

पण 180 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र कोणी पाहिलाय? पुरावा लागतो. जांभळ्या गंधक-जिवाणूंमध्ये ओकेनोन नावाचं एक रंगद्रव्य असतं. जिवाणू मरतो, त्याचा सगळा मागमूस जातो, पण या रेणूचा सांगाडा गाळात आणि पुढे खडकात टिकू शकतो. 2005 साली ऑस्ट्रेलियातल्या 164 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तो सापडला. युक्तिवाद सरळ होता. ओकेनोन आहे म्हणजे जांभळे जिवाणू होते. जांभळे जिवाणू होते म्हणजे त्यांना उजेड आणि सल्फाइड दोन्ही मिळत होतं. म्हणजे समुद्राच्या उजेड पोचणाऱ्या भागापर्यंत ते विषारी पाणी चढलेलं होतं.

या साखळीतली प्रत्येक कडी तपासायची तर अशी जागा हवी जिथे जिवाणू आजही जिवंत आहेत, वरचा थर आपल्याला माहीत आहे आणि खालचा गाळही हाताशी आहे. ते काम 2011 साली 'जिओबायॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ग्रीन लेकवर झालं. काही नमुने 20 मीटरच्या गुलाबी थरातून घेतले. काही घेतले उथळ, ऑक्सिजन असलेल्या पाण्याखालच्या तळावरून, जिथे जिवाणूंची गालिच्यासारखी साय पसरलेली असते. दोन्हीकडची रंगद्रव्यं मोजली आणि दोन्हीकडचा डीएनए वाचला.

निघालं असं की ओकेनोन दोन्हीकडे भरपूर. उथळ पाण्याखालच्या त्या सायीतही जांभळे गंधक-जिवाणू राहतात, जाती वेगळ्या, पण रंगद्रव्य तेच. सायीच्या आत काही मिलिमीटरवरसुद्धा ऑक्सिजन संपू शकतो आणि सल्फाइड तयार होऊ शकतं, त्यांना तेवढं पुरतं. मग गाळात ओकेनोन सापडलं तर ते 20 मीटरच्या थरातून खाली पडलं, की काठाजवळच्या सायीतून वाहत आलं? नुसत्या रेणूकडे बघून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलटी. या तलावात हिरवे गंधक-जिवाणूही आहेत. त्यांच्या ओळखीचं रंगद्रव्य म्हणून आम्ही ज्याला मानतो ते आयसोरेनिएरेटीन मात्र पाण्यातही नव्हतं आणि गाळातही नव्हतं. जिवाणू हजर, सही गैरहजर.

थोडक्यात, रेणू सापडला म्हणून समुद्र तसा होता असं लगेच म्हणता येत नाही, आणि सापडला नाही म्हणून तसा नव्हता असंही नाही. मला हा शोधनिबंध आवडतो तो यामुळेच. त्याने जुनी कल्पना चुकीची ठरवली नाही. पुराव्याचा भाव किती लावायचा ते सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या त्या खडकांकडे पुन्हा बघताना आता प्रश्न विचारावा लागतो, हे ओकेनोन खोल पाण्याचं की किनाऱ्याचं? खडक जिथे तयार झाला ती जागा किनाऱ्यापासून किती दूर होती? असे प्रश्न सोडवायला पीएचडीची पाच वर्षं कमी पडतात, विचारा माझ्या गाइडना.

आणि इथेच सहलीचा आणि संशोधनाचा संबंध येतो. संशोधनाच्या दृष्टीने मोलाची असलेली गोष्ट 20 मीटर खोल सुरक्षित आहे, तिथे कोणी जात नाही. पण काठाजवळच्या गोष्टीसुद्धा तितक्याच मोलाच्या आहेत, आणि तिथे आपले पाय पोचतात.

ग्रीन लेकच्या काठावर 'डेडमन्स पॉइंट' नावाची जागा आहे. नाव भीतिदायक आहे, जागा नाही. तिथे पाण्यात पांढुरका, खडबडीत, पुढे आलेला कठडा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं खडक आहे. तो खडक नाही, म्हणजे अजून पूर्ण झालेला नाही. सायनोबॅक्टेरिया आणि शेवाळी यांच्यावर चुना बसत बसत हजारो वर्षांत तो वाढलाय आणि वरचा पापुद्रा अजूनही जिवंत आहे. अशा रचनांना थ्रॉम्बोलाइट म्हणतात. पृथ्वीवर प्राणी नव्हते, झाडं नव्हती, तेव्हा उथळ समुद्रांच्या काठाने सूक्ष्मजीवांनी बांधलेल्या अशा रचनाच पसरलेल्या होत्या. आज त्या मोजक्या ठिकाणी उरल्यात, कारण बहुतेक जागी गोगलगायी आणि इतर प्राणी सायच खाऊन टाकतात. आणि हा कठडा दिसतो भक्कम, पण आहे सच्छिद्र. त्यावर उभं राहून सेल्फी काढला, होडी घासली, कुत्र्याने उडी मारली, की कडा तुटते. तुटलेला हातभर तुकडा परत वाढायला लागणारा काळ आपल्या नातवंडांच्या हिशेबातही बसत नाही.

पोहणं फक्त बीचवरच का, असा प्रश्न बाबांना पडला होता. "एवढा मोठा तलाव आणि दोरीच्या आत पोहायचं?" याचं एक कारण हा कठडा मानायला हरकत नाही. दुसरं कारण जास्त साधं आहे. हा डोह आहे, सावकाश खोल होत जाणारं तळं नाही. काठापासून थोडंसं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो, आणि वरचं पाणी कोमट असलं तरी काही मीटर खाली ते गार असतं. चांगल्या पोहणाऱ्यांनीही इथे वेडं धाडस करू नये. मुलांना तर बीचच्या दोरीबाहेर अजिबात सोडू नका, त्यांना पाणी नितळ दिसतं म्हणून उथळ वाटतं.

राउंड लेककडे बहुतेक लोक जातच नाहीत. ग्रीन लेकच्या टोकाला पोचेपर्यंत मुलं आइस्क्रीमसाठी रडायला लागलेली असतात. शक्य असेल तर जा. राउंड लेक आणि त्याच्या भोवतीचं जंगल 1973 साली राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून नोंदवलं गेलं. कधीच न तोडलेली हेमलॉक आणि ट्युलिप वृक्षांची झाडं तिथे आहेत, मान वर करून शेंडा दिसत नाही अशी. तलावही तसाच, न ढवळणारा, पण गर्दी नाही, आरडाओरडा नाही. देवराईत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं होतं. आई तिथे बाकावर अर्धा तास बसून होती आणि घरी फोन करायचा विसरली, हे तिच्या बाबतीत फारच मोठं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. उन्हाळ्यात गाडीमागे प्रवेशशुल्क असतं. शनिवार-रविवारी ऊन पडलं की पार्किंग भरतं, म्हणून दहाच्या आत पोचा किंवा थेट दुपारी उशिरा जा. गाडी नसेल तर मित्राला पटवा. जेवण बरोबर न्या. शेगडीवर कणसं भाजता येतात, आणि लिंबू-तिखट-मीठ लावलेलं कणीस शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन कुटुंबाला दिलं की गप्पा सुरू होतात. पोलराइज्ड गॉगल असेल तर आठवणीने घ्या, पाण्यावरची चमक जाते आणि बुडालेले ओंडके आणि पांढरा कठडा वाटेवरूनच स्पष्ट दिसतो, जवळ जायची गरज पडत नाही. आई-बाबा ऑक्टोबरपर्यंत राहणार असतील तर पानं लाल-पिवळी झाल्यावर पुन्हा एकदा न्या. तेव्हा पाण्यातला दुधाळपणा कमी झालेला असतो आणि बीच रिकामा असतो.

भाच्याने परत जाताना एका रिकाम्या बाटलीत तलावाचं पाणी भरून घेतलं होतं. गाडीत त्याने ती खिडकीशी धरली आणि म्हणाला, "मावशी, हे तर साधंच आहे." बाटलीभर पाण्यात रंग दिसत नाही, त्याला खोली लागते. ते त्याला समजावता समजावता आम्ही शहरात पोचलो.